माळ्यावरचे दोन सिलिंडर

मामा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मामींनी माळा आवरायला काढला आणि मला फोन केला. "तुझ्या मामांच्या त्या दोन टाक्या आहेत वर. मला हलत नाहीत. भंगारात घालायला जीव होत नाही. एकदा येऊन बघून जा."

सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा खालची खोली पाण्याखाली होती, पण माळा कोरडा राहिला. दोन्ही टाक्या गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून आडव्या ठेवलेल्या होत्या. मामा मुंबईच्या समुद्रात तेलाच्या फलाटांवर पाणबुडे होते. तिथलं काम वरून नळीनं हवा घेऊन चालायचं. हे सिलिंडर मात्र त्यांचे स्वतःचे, सुट्टीत वापरायचे. गोधडी सोडली तर आतून पोलादाचे दोन सिलिंडर निघाले. एक पिवळा, रंग उडालेला, आणि दुसरा करडा, जरा आखूड.

माझा ह्यात रस नुसता आठवणीपुरता नव्हता. २०१९ च्या पुरानंतर मी इथल्या बचाव पथकात आलो आणि तारकर्लीला जाऊन डायव्हिंग शिकलो. आमचं काम समुद्रातलं नाही. विहिरी, कालवे आणि नदीचे डोह, जिथे हाताचा पंजा डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. बाहेर भाड्यानं मिळतात ते बहुतेक ॲल्युमिनियमचे सिलिंडर. त्यातली हवा संपत आली की ते तरंगायला लागतात आणि माणसाला पाठीकडून वर ओढतात, म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागतं. पोलादाचा सिलिंडर रिकामा होत आला तरी जवळपास जागेवर राहतो. अरुंद विहिरीत, काळ्या पाण्यात, ह्या फरकाचं मोल फार आहे. पथकाकडे स्वतःचा एकही सिलिंडर नव्हता. घरात दोन पडून असताना ते भंगारात जाऊ द्यायचे नाहीत, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

सिलिंडरची सगळी कुंडली त्याच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, ठोकलेली असते. दात घासायच्या जुन्या ब्रशनं खांदा साफ केला, त्यावर खडू घासला आणि बॅटरी तिरकी धरली. हळूहळू अक्षरं उठून दिसली. पिवळ्यावर "डीओटी-३एए-२२५०", पुढे नंबर, खाली "७" आणि "७४", आणि त्याला लागून अधिकाचं चिन्ह. म्हणजे अमेरिकी नियमानं बनलेला, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या पोलादाचा, २२५० पीएसआय (हे दाबाचं माप) दाबाचा, जुलै १९७४ मध्ये पहिली चाचणी झालेला. अधिकाच्या चिन्हाचा अर्थ, ठरलेल्या दाबापेक्षा दहा टक्के जास्त भरायला परवानगी. त्या काळचा हा नेहमीचा सिलिंडर. जगभर हजारो पाणबुडे ह्याच टाकीवर शिकले. अमेरिकी नियमात त्याची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून नवी तारीख ठोकतात. मामांच्या टाकीवर शेवटची तारीख १९८९ ची होती.

करड्यावर "आयएस ७२८५" होतं, आपल्याकडच्या जोडविरहित पोलादी सिलिंडरचं मानक. पाण्याची क्षमता १० लिटर, कामाचा दाब १५० बार (बार हेही दाबाचंच माप), चाचणीचा दाब २५० बार, रिकामं वजन आणि तपासनिसाची खूण. शेवटची तारीख २००३ ची.

दोन्ही टाक्यांच्या बुडाला रबरी बूट होते. पोलादी टाकीचं बूड गोल असतं, बुटाशिवाय ती उभी राहत नाही. पण त्याच बुटाच्या आत खारं पाणी साचून राहतं आणि बाहेरून काहीही न दिसता पोलाद खात बसतं. बूट उपसायला मला अर्धा दिवस आणि गरम पाण्याच्या तीन बादल्या लागल्या. करड्याच्या बुडाला गंजाचा पट्टा होता, वरवरचा. पिवळ्याचं बूड स्वच्छ. मामांनी बूट काढून, वाळवून, परत घातले असणार.

मग हवा सोडायची होती. ही गोष्ट मी जपून सांगतो. जुन्या पोलादी टाकीतली हवा कधीही ओढून बघू नये. आत ओल राहिली असेल तर लोखंड गंजतं, गंजताना ऑक्सिजन वापरला जातो आणि वर्षानुवर्षं बंद टाकीत उरलेल्या हवेत तो फारच कमी असू शकतो. त्या हवेला वास नसतो, ती छातीत भरते आणि माणूस सावध व्हायच्या आत बेशुद्ध पडतो. मी दोन्ही टाक्या अंगणात नेल्या, भिंतीला टेकवून बांधल्या आणि व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडला. करडी रिकामीच होती. पिवळी दहा मिनिटं फुसफुसली आणि गप्प झाली.

ती गप्प झाली म्हणून मी पाना घ्यायला वळलो होतो. तेवढ्यात व्हॉल्व्हच्या बाजूची दांडी दिसली. हा जुन्या पद्धतीचा जे-व्हॉल्व्ह. पाण्याखाली दाब दाखवणारं गेज सर्रास नव्हतं तेव्हा पाणबुड्याला हवा संपत आल्याचं कळावं म्हणून आत स्प्रिंग असायची. साधारण ३०० पीएसआय उरले की स्प्रिंग वाट बंद करते, श्वास जड होतो, मग दांडी खाली ओढायची आणि राखीव हवेवर वर यायचं. मामींच्या अंगणात ती दांडी वर होती. मी ती खाली केली आणि टाकी पुन्हा जोरात फुसफुसायला लागली. रिकामी समजून मी व्हॉल्व्ह फिरवला असता तर शेवटच्या आट्याला तो किलोभर पितळेचा तुकडा सुटून कुठे गेला असता, ह्याचा विचार मी अजून करतो. कुणाच्या घरी अशी दांडीची टाकी असेल तर आधी दांडी खाली करा, आणि व्हॉल्व्ह काढायचं काम तरीही जाणत्या माणसावर सोडा. मीही त्या दिवशी पाना परत ठेवून दिला.

हवा कुठे भरायची ह्याची चौकशी सुरू केली. सांगली-मिरजेच्या बाजूला ऑक्सिजनचे सिलिंडर भरणारे आहेत. कोविडमध्ये २०२१ साली त्यांच्या दारात लोकांनी रात्री काढल्या. त्यातल्या एकानं अगदी मायेनं सांगितलं, "आणा की, ऑक्सिजन भरून देतो. शुद्ध. पाणबुडे तेच लावतात न्हवं?" वर्तमानपत्रातही तसंच छापून येतं, "ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले." ते खरं नाही. पाणबुड्याच्या पाठीवर आपण श्वास घेतो तीच साधी हवा असते, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागतो, पाण्यातच आकडी येते. आणि टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यात तेल असतं. श्वासाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला कोळशाचे आणि ओल शोषणारे फिल्टर लागतात, हवा ओढायचं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवावं लागतं. म्हणजे डायव्हिंगचं दुकानच गाठायला हवं, आणि आम्हाला जवळचं म्हणजे मालवण.

जानेवारीत भावाची गाडी घेतली. दोन्ही सिलिंडर आडवे, पट्ट्यांनी बांधून, व्हॉल्व्हला कापड गुंडाळून. रात्री दोनला निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. दुकानाच्या मालकानं पिवळ्या टाकीचा खांदा अंगठ्यानं पुसला, ७४ चा आकडा वाचला आणि मान हलवली. "दादानू, ह्या जमाचा नाय."

करड्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी वाद घातला. पाच तास गाडी चालवून आलो होतो. म्हणालो, पोलाद आहे, जुनं म्हणजे वाईट नव्हे. तो चिडला नाही. त्यानं मला मागे नेलं, जिथे भरायच्या टाक्या लावतात तिथे. जाड भिंतीच्या आडोशाला पाण्याची टाकी, वर चार नळ्या, आणि नळीपासून हातभर अंतरावर एक स्टूल. "मी हयसर बसतंय," तो म्हणाला. "दिवसाक चाळीस टाक्ये. तुमी बाहेर चाय पितात."

परतीच्या वाटेवर मी हिशेब केला. बारा लिटरच्या टाकीत २०० बार हवा भरली आणि टाकी फाटली, तर एक टनाची मोटार ताशी शंभर किलोमीटरनं धडकावी त्याहून जास्त ऊर्जा एका क्षणात सुटते. ती त्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या अंगावर सुटते. टाकी माझ्या मामांची असो, मी कितीही लांबून आलेला असो, त्याला त्या पोलादाच्या आत काय आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत करून द्यायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं. जुन्या टाक्या भरून देत नाहीत म्हणून दुकानदारांना नावं ठेवणारे मला नंतर पुष्कळ भेटले. त्यांना मी हे स्टूल सांगतो.

पुढचं काम म्हणजे चाचणी. सिलिंडरच्या चाचणीचं केंद्र कुणालाही काढता येत नाही. त्याला स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या खात्याची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, मान्यता लागते. कोल्हापूरच्या बाजूच्या एका औद्योगिक वसाहतीत तसं केंद्र मिळालं. तिथे मुख्यत्वे वेल्डिंगचे आणि आग विझवायचे सिलिंडर येतात. तिथले काका साठीचे, हाताला काळं तेल, कानाला पेन्सिल. त्यांनी दोन्ही टाक्यांची अक्षरं वहीत उतरवून घेतली आणि करडी एका बाजूला, पिवळी दुसऱ्या बाजूला ठेवली.

"ही करू," ते करडीवर हात ठेवून म्हणाले. "ही नाही करता येणार."

कारण सोपं होतं आणि मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ प्रमाणे सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह दोन्ही मान्य प्रकारचे असावे लागतात. बाहेरून आणलेल्याला नागपूरची मंजुरी हवी. मामांनी तो परदेशातून सोबत्याकडून आणवलेला. कागद नव्हता. मंजुरी नसलेला सिलिंडर भरणंच काय, भरलेला बाळगणंही नियमात बसत नाही.

तरी काकांनी माझ्या समाधानासाठी दोन्हींचे व्हॉल्व्ह काढले. तारेच्या टोकाला बारीक दिवा होता, तो गळ्यातून आत सोडला आणि मला वाकून बघायला सांगितलं. करडीच्या आत तांबूस पीठ सगळीकडे बसलेलं होतं, तळाशी एका बाजूला दाट. वर्षानुवर्षं आडवी पडल्यानं ओल तिथे साचली होती. मग पिवळीत दिवा सोडला. आत राखाडी, स्वच्छ, घासलेल्या कढईसारखं पोलाद. कुठेही खड्डा नाही. पन्नास वर्षांची टाकी. मामांनी ती हवा ठेवून बंद केली होती, म्हणून बाहेरची ओल कधी आत गेलीच नाही. जी टाकी आतून निरोगी तिची चाचणी होणार नव्हती, आणि जिच्यात गंज होता तिला संधी मिळणार होती. मला तिथे उभ्या उभ्या फार वाईट वाटलं. काकाही बराच वेळ दिवा आत धरून बघत राहिले. "सांभाळली होती माणसानं," एवढंच बोलले.

करडीला आतून साफ करायला एक दिवस गेला. आत खडे घालून, टाकी आडवी रुळांवर फिरवत ठेवली. पीठ निघालं तसं खालचं पोलाद दिसलं, आणि दाट भागात चार-पाच बारीक खड्डे, पण उथळ. मग वजन. खांद्यावर ठोकलेल्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर टाकी बाद. घट दीडशे ग्रॅमची होती, एक टक्क्याच्या आसपास.

पाण्याची चाचणी मी पहिल्यांदाच बघितली. टाकी पाण्यानं काठोकाठ भरतात आणि पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या मोठ्या पिंपात उतरवून झाकण घट्ट करतात. पिंपाला बाहेर एक काचेची नळी जोडलेली, आकडे कोरलेली. आतल्या टाकीत पंपानं पाणी दाबलं की पोलाद ताणतं, टाकी किंचित फुगते आणि पिंपातलं तेवढं पाणी काचेच्या नळीत चढतं. हवेनं न करता पाण्यानं करतात, कारण पाणी फारसं दबत नाही. टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. काकांनी पंप चालू केला. गेजचा काटा शंभर, दीडशे, दोनशे, आणि त्याबरोबर नळीतलं पाणी केसाकेसानं वर. २५० ला काटा थांबवला. अर्धा मिनिट कुणीही बोललं नाही. मी त्या नळीकडे बघत होतो, एखाद्याच्या तापाकडे बघावं तसा. मग दाब सोडला. पाणी खाली आलं, जवळजवळ सुरुवातीच्या रेघेवर, पण अगदी रेघेवर नाही. जेवढं वर राहिलं तेवढं पोलाद कायमचं ताणलं गेलं. एकूण ताणाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त राहिलं तर टाकी नापास. काकांनी कानावरची पेन्सिल घेऊन भागाकार केला. साडेतीन टक्के.

चाचणीनंतरची घाई मात्र त्यांनी मला शिकवली. टाकी उलटी करून निथळली आणि लगेच गरम हवेची नळी आत घातली. पाण्याची चाचणी करून टाकी ओली सोडली तर पुढच्या गंजाला आपणच बोलावतो. पुन्हा दिवा सोडून बघितलं, मग गळ्याचे आटे गेजनं मोजले, कारण ह्या व्यवसायात पाऊण इंचाचे आणि २५ मिलिमीटरचे आटे दिसायला सारखे असतात. चुकीचा व्हॉल्व्ह काही आटे बसतोही, आणि दाब चढल्यावर उडतो. सगळं जुळल्यावर नवा व्हॉल्व्ह, नवी रिंग, आणि खांद्यावर हातोड्यानं नवी तारीख. प्रत्येक ठोक्याचा आवाज वेगळा येत होता.

पिवळीचं काय करायचं हे मामींना विचारणं मला भाग होतं. मी सगळं सांगितलं, आतून ती किती स्वच्छ आहे तेही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "कुणी चुकून भरली तर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, तीच भीती आहे. म्हणाल्या, "मग कापून टाक. नंबराचा भाग तेवढा मला आणून दे." काकांनी ती कापून दिली. खांद्याचा तुकडा, १९७४ च्या तारखेसकट, आता त्यांच्या देवघराच्या खालच्या फडताळात आहे.

पावसाळ्यात समुद्रातलं डायव्हिंग बंद असतं, म्हणून भरायला नोव्हेंबर उजाडला. मुद्दाम त्याच दुकानात गेलो. मालकानं प्रमाणपत्र वाचलं, खांद्यावरची तारीख नखानं चाचपली, बूट काढायला लावून बूड बघितलं. मग काही न बोलता टाकी उचलून मागे नेली. ह्या वेळी मी चहाला गेलो नाही. त्यानं भिंतीच्या अलीकडे थांबायला सांगितलं, तिथून बघितलं. घाई केली नाही त्यानं. भराभर भरलं की हवा तापते, गेज १५० दाखवतं आणि गार झाल्यावर आठ-दहा बार कमी निघतात. तो मधूनमधून हाताचा तळवा टाकीच्या खांद्यावर ठेवायचा. १५० ला बंद केली, तासभर गार होऊ दिली, आठ बार उतरले तेवढे पुन्हा घातले. पैसे दिले तेव्हा म्हणाला, "आता केवाय हाडा." म्हणजे आता कधीही आणा.

पुढच्या रविवारी तासगावच्या बाजूच्या एका विहिरीत पथकाचा सराव होता. दहा मीटर पाणी, वर हिरवं, तळाला शाईसारखं. दीडशे बार आणि दहा लिटर म्हणजे दीड हजार लिटर हवा. तेवढ्या खोलीवर माझी अर्ध्या तासाची, राखीव सोडून. कमरेचं दोन किलो शिसं काढून ठेवलं होतं. तळाशी गुडघे टेकवून दोरीनं गोल शोध घेतला, एक बादली, एक तुटलेला पंप. गेजवर ५० आलं तरी पाठीवरची टाकी जागची हलली नव्हती.

वर आल्यावर ४२ बार उरले होते. ते सोडले नाहीत, व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. बूट काढला, बूड पुसलं, टाकी सावलीत उभी बांधली आणि पथकाच्या वहीत लिहिलं: ४२, आत हवा आहे.